दोन विद्यार्थी, एकच द्राक्षाचा प्रकल्प: पेपरवर पहिलं नाव कुणाचं?

गंगापूररोडची_मास्तरीण, नाशिक
आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात माझ्याकडे दोघं पीएचडीला आहेत. काम एकत्रच, द्राक्षावरच्या डाऊनीचं, म्हणजे केवडा रोगाचं. पोरगी निफाड-दिंडोरीच्या बागा पालथ्या घालून पानं आणते, पोरगा लॅबमध्ये मायक्रोस्कोप आणि पीसीआर (डीएनएवरून रोग ओळखायची चाचणी) सांभाळतो. गोडी छाटणीनंतर (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती) पावसानं गाठलं की तिला जेवायला उसंत नसते, आणि हा म्हणतो, "मॅडम, नमुनेच धड येत नाहीत." आता पेपर लिहायचा तर दोघांचीही तोंडं फुगलेली. पहिलं नाव कुणाचं लावू?

बागेतला_डॉक्टर
नावाचं नंतर बघू, आधी त्या पोराला बागेत धाडा. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला धरते, तीही रात्रीच्या अंधारात, हवा चांगली दमट असेल तरच. वरून दिसतो नुसता तेलकट डाग. असं ताजं पान ओल्या टिपकागदावर पालथं घालून, पेट्री डिश झाकून रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी लव दिसेल. तेच पान भर दुपारी पिशवीत कोंबून डिकीत शिजवलं तर काय दिसणार? आणि आदल्या दिवशी फवारणी झालेली असली तर लॅबवाल्यानं कपाळ बडवून उपयोग नाही. कोणत्या प्लॉटला कधी, काय मारलं हे ती वहीत टिपत असेलच. ती वही डेटा आहे, मॅडम. तिला 'नमुने आणणारी' म्हणू नका.

सिन्नरकर
+१. मी हंगामच्या हंगाम शेतात काढले आणि पेपरात 'आभार' या ओळीत बसलो. कुठे ते विचारू नका.
पेपरात कुणी काय केलं ते नोंदवायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे. प्रत्यक्ष तपासणी, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. दोघांना समोरासमोर बसवून भरून घ्या. नावांचा क्रम त्यातून ठरत नाही, पण कुणी काय केलं ते कागदावर येतं. खरं तर हे पहिल्या महिन्यातच व्हायला हवं. माझं मत, पेपर दोन करा: गावनिहाय प्रादुर्भाव आणि फवारणीचा तिचा, पीसीआरचा त्याचा. प्रबंधही आपोआप वेगळे पडतील.

गंगापूररोडची_मास्तरीण
दोन पेपरचं पटलं. पण मग तिलाही पीसीआर आलाच पाहिजे, नाहीतर व्हायव्हाला अडकेल. शनिवारी दोघांना पिंपळगावच्या बागेत नेते, सोमवारपासून ती लॅबमध्ये. पोरगा आत्तापासूनच विचारतोय, "मॅडम, सकाळी किती वाजता निघायचं?" सहा म्हटल्यावर गप्प झालाय.