इपॉक्सीत काजूच्या टरफलाचं तेल: थेट नको

काजूच्या टरफलाचं तेल थेट इपॉक्सीत (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेत) मिसळलं तर तिचा ठिसूळपणा जाईल का, असा प्रश्न आहे. माझं मत: मिसळू नका. कच्च्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल मिळतं. हेही फिनॉलच (बेंझिन कड्याला OH गट जोडलेलं संयुग), फक्त त्याला 15 कार्बनांची लांब शेपटी असते. इपॉक्सीच्या रेणूंचं जाळं फार घट्ट असतं म्हणून ती तडकते. ही शेपटी जाळं सैल करते.

पण नुसतं ओतलेलं कार्डेनॉल जाळ्यात नीट बांधलं जात नाही, पुढे पृष्ठभागावर पाझरू शकतं. म्हणून त्यावर आधी इपॉक्सी गट (जाळ्यात बांधले जाणारे रासायनिक गट) बसवतात, किंवा फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन वापरून त्याचं फेनाल्कमाइन हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा घटक) करतात. ते थंडीत, दमट पृष्ठभागावरही धरतं, म्हणूनच जहाजांच्या रंगात चालतं.

आणखी एक, लवचिक म्हणजे चिवट नव्हे! शेपट्या वाढल्या की ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या वर कडक राळ मऊ पडते ते) उतरतं, उन्हातला भाग मऊ पडतो. भेग अडवायला रबरासारखे सूक्ष्म कण वेगळे विखुरलेले लागतात. भर म्हणून लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा घटक) घालणार असाल तर पूर्ण वाळवून, बारीक करूनच घाला. गुठळी राहिली की भेग तिथूनच सुरू होते.

आणि हातमोजे घालाच. कच्च्या तेलाने कातडी भाजते. कोकणात काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळूनच कामाला बसतात.