साकव खचलेलाच, कमान मात्र उभी : जाब कोणाला विचारायचा?

खाडीकाठचा मतदार

गुहागर तालुक्यात, जयगड खाडीच्या उत्तरेला आमचे गाव आहे. दोन वाड्यांमधून वाहणाऱ्या पऱ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, तीन पावसाळ्यांपूर्वी खचला. तेव्हापासून पलीकडच्या वाडीतली मुले शाळेसाठी आणि म्हातारी माणसे रेशनसाठी दोन किलोमीटरचा वळसा घालून येतात. या तीन वर्षांत गावात सरकारी पैसा आलाच नाही, असे मात्र नाही. वेशीवर स्वागत कमान उभी राहिली, देवळासमोर आणि धक्क्यावर हायमास्ट दिवे लागले, किनाऱ्यावर पेव्हर ब्लॉक बसवून सुशोभीकरण झाले. धक्क्यावरचा दिवा पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला आणि पेव्हर ब्लॉकखालची वाळू उधाणाने ओढून नेली. आता तीच जागा पुन्हा सुशोभित करण्याचे घाटत आहे.

आमच्या भागातील लोकप्रतिनिधींना मी पाच पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर आले नाही. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरी गाठली आणि त्यांच्या कार्यालयात अडीच तास बसलो. स्वीय सहायकांनी अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. जिल्हा परिषद सदस्याकडे जावे, तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तिथे दीर्घकाळ प्रशासकच होते, म्हणजे विचारायला माणूसच नव्हता. मी १९८९ पासून एकही मतदान चुकवलेले नाही. मत मागायला आलेला माणूस निवडून आल्यावर पत्राची पोचही देत नसेल, तर दोन निवडणुकांच्या मधल्या काळात मतदाराच्या हातात नेमके काय उरते, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शाखा अभियंता

आपला संताप रास्त आहे. माझी नोकरी अशाच कामांची अंदाजपत्रके करण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पैसा लेखाशीर्षानुसार, म्हणजे खर्चाच्या ठरवून दिलेल्या बाबीनुसार येतो. पर्यटनाच्या लेखाशीर्षाखालचा निधी साकवाकडे वळवता येत नाही, आणि ३१ मार्चपूर्वी खर्च झाला नाही तर तो परत जाईल या धास्तीने फेब्रुवारी-मार्चमध्ये झटपट उरकणारी कामे शोधली जातात. कमान, दिवे, पेव्हर ब्लॉक यांना फारसे सर्वेक्षण लागत नाही, जागेचा वाद नसतो आणि उद्घाटनाचा फलक लावायला जागा मिळते. साकवाला पुराची पातळी पाहावी लागते, पाया खणावा लागतो आणि काम पावसाळ्यापूर्वी पुरे करावे लागते. त्यामुळे तो मागे पडतो. हे समर्थन नव्हे. माझ्या टेबलावरून अशी कामे गेली आहेत आणि त्याची बोच मला आजही आहे.

आता उपायाकडे येतो. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, पण ते स्वतः पैसे खर्च करत नाहीत. ते शिफारसपत्र देतात, प्रशासकीय मान्यता जिल्हा प्रशासन देते आणि काम एखादी यंत्रणा करते. म्हणजे प्रत्येक दिव्यामागे कोणाच्या तरी सहीचा कागद आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून शिफारसपत्र, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून कमान, दिवे आणि किनारा यांचे अर्ज वेगवेगळे करा. कलम २(ञ) खाली प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, जो फारसे कोणी वापरत नाही. करारात दोषदायित्वाचा कालावधी किती आहे, हे आवर्जून पाहा. तो संपला नसेल, तर बंद दिवा आणि खचलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात आणि नव्या सुशोभीकरणाला आधारच उरत नाही.

परळचा चाकरमानी

कागद मागवावेत, हे मान्य आहे. पण कागद असूनही काय होते, ते आम्ही दर गणपतीला गावी येताना पाहतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मुदतीमागून मुदती दिल्या गेल्या. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवलेली आहे. उधारीवर चालणाऱ्या घरात एकच अंगण दोनदा सारवत नाहीत. माहिती ३० दिवसांत मिळाली नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील आणि तिथे तारखेची वाट पाहणे आले. तोवर पलीकडच्या वाडीतली मुले शाळा सोडून मुंबईला आलेली असतील.

माजी ग्रामपंचायत सदस्या, दापोली तालुका

एक कटू गोष्ट लिहिते, राग मानू नये. आमच्या गावच्या कमानीचा ठराव वरून आलेला नव्हता, तो आमच्याच ग्रामसभेचा होता. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढी माणसे जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. वीस-बावीस जणांनी हात वर केले आणि कमान मंजूर झाली. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायकांपैकी एकही तिथे नव्हती, कारण ग्रामसभेपूर्वी घ्यायची महिला सभा घेतलीच गेली नव्हती. भाऊ, आपल्या गावच्या इतिवृत्ताची वही आधी पाहा. साकवाचा ठराव त्यात नसेल, तर लोकप्रतिनिधी तेवढेच निमित्त पुढे करतील.

खाडीकाठचा मतदार

ताईंचे वाचून आज ग्रामपंचायतीत गेलो. साकवाचा ठराव वहीत आहे, पण तो खचला त्याच वर्षीचा. त्यानंतरच्या दोन्ही वर्षांच्या आराखड्यांत त्याचा उल्लेख नाही आणि तो कोणी वगळला, याची नोंदही नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव पुन्हा मांडणार आहे. पलीकडच्या वाडीतल्या बायकांनी महिला सभेची लेखी मागणी करण्याचे कबूल केले आहे. सुशोभीकरणाच्या कागदांसाठी अर्ज उद्या स्पीड पोस्टाने जाईल. चाकरमानी बंधूंची शंका खरी ठरू शकते, पण निदान या वेळी पोच माझ्या हातात असेल.

अभियंता साहेबांना एक विचारायचे राहिले. साकव जिल्हा परिषदेच्या नोंदीत आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, हे ग्रामपंचायतीत कोणालाच सांगता आले नाही. ते कोणत्या नोंदवहीत सापडेल?

निवृत्त शाखा अभियंता

बहुधा जिल्हा परिषदेकडे असेल. परिषदेच्याच बांधकाम विभागाच्या तालुक्यातील उपविभागात मालमत्ता नोंदवही पाहायला मागा. तिथे नोंद नसेल, तर तसे लेखी घ्या आणि तोच कागद ग्रामसभेत वाचून दाखवा.