ट्रकचा वॉटर पंप घरीच उतरवायचाय, कुठे अडकायला होतं?

डिझेलगडी:
नमस्कार मंडळी. जुना ट्रक आहे, सहा सिलेंडर डिझेल, वॉटर पंप पुढे बेल्टवर चालणारा आणि फॅन त्याच पंपावर. हल्ली कूलंट हळूहळू कमी होतंय आणि गाडी उभी केली की पुढच्या बाजूला खाली ओल दिसते. आधी वाटलं होज पाईपची क्लिप ढिली असेल, ती आवळली तरी तेच. मग आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघितलं तर पुलीच्या मागे पंपाच्या बॉडीला जे बारीक भोक असतं ना त्यातून थेंब येतोय, आणि त्याच्या खाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट पांढरा ओघळ. इंजिन अजून गरम होत नाही, काटा जागेवर असतो.
बेल्ट, पाईप, रेडिएटरची सफाई हे सगळं मी घरीच करतो, सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच आहे, पण पंप कधी उतरवलेला नाही. विचारायचं हे की पंपच गेलाय हे नक्की ना, रेडिएटरमधे टाकायची ती लीक बंद करणारी पावडर टाकून थोडं चालवता येईल का, आणि पॅकिंगला सिलिकॉन लावायचं की कोरडंच बसवायचं? ह्या शेवटच्या प्रश्नावर जितकी तोंडं तितकी मतं ऐकली.

पाना_तेरा:
पंपच आहे, शंका नको. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. शाफ्टवर एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि मधे थोडी मोकळी जागा, सील झिजलं की पाणी बेअरिंगमधे न शिरता त्या भोकातून बाहेर पडतं. म्हणून ते भोक एम-सील लावून बुजवायचं नाही, काही लोक बुजवतात आणि मग पाणी बेअरिंगमधे जाऊन ग्रीस धुवून काढतं. नुसता वाळका डाग असेल तर लक्ष ठेवून चालतं, पण थेंब पडतोय म्हणजे सील संपलं.
आता एक गोष्ट आजच बघ. इंजिन बंद, चावी काढून खिशात, बेल्ट उतरव आणि फॅन दोन्ही हातांनी धरून वरखाली हलव. खडखड किंवा खेळ जाणवला तर गाडी जागची हलवू नकोस, बेअरिंग तुटलं तर अख्खा फॅन रेडिएटरमधे घुसतो. पावडरचा विचार सोड. फिरणाऱ्या शाफ्टचं सील त्याने धरत नाही, उलट ऑइल कूलर आणि हीटरच्या बारीक नळ्यांत तो गाळ जाऊन बसतो आणि तो काढणं म्हणजे पंपापेक्षा मोठं काम.

लांबपल्ला:
डिझेलगडी भाऊ, पंप काढणं अवघड नाही, अवघड आहे ते जुनं पॅकिंग काढून बसायची जागा साफ करणं, बहुतेकांचा पंप परत गळतो तो तिथेच घाई केल्यामुळे. तरी पहिल्यापासून सांगतो.
इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरच्या कॅपला हात नको. आत साधारण एक बारचं प्रेशर असतं, त्या प्रेशरमुळे साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, आणि कॅप उघडली की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. केबिन पुढे पडणारी असेल तर आतलं सुटं सामान आधी बाहेर काढ आणि केबिन पूर्ण पलटून लॉक नीट बसलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खाली जायचं नाही, अर्धवट उचललेल्या केबिनखाली डोकं घालणं म्हणजे जीवाशी खेळ.
पुलीचे बोल्ट बेल्ट असतानाच ढिले करून घे, बेल्ट काढला की पुली हातात गरगर फिरते आणि बोल्ट सुटत नाहीत. फॅनला मधे एकच मोठा नट असेल तर जोर लावायच्या आधी मॅन्युअल बघ, काही इंजिनांत तो उलट्या आट्याचा असतो. फॅनची पुढची बाजू खूण करून ठेव, उलटा बसला तरी फिरतो पण हवा नीट ओढत नाही. पंपाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवायचा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला पण पॅकिंग दाबलंच जात नाही.
पंप चिकटला असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नको, त्या एका ओरखड्यातून कायमचं पाणी झिरपतं. लाकडाचा तुकडा मधे ठेवून चारी बाजूंनी हळू ठोक, सुटतो. मग ब्लॉकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि प्लास्टिकच्या किंवा बोथट स्क्रेपरने खरवड. ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासायचं टाळ, ॲल्युमिनियम असेल तर खड्डे पडतात. शेवटी बोट फिरव, नखाला काही लागलं तर अजून साफ झालेलं नाही. आणि ते फडकं बाहेर काढ, हे मुद्दाम लिहितोय कारण ते आत राहिलेलं इंजिन मी बघितलंय.

मिलीमीटर:
सिलिकॉनबद्दल. पॅकिंग कुठलं आहे त्यावर सगळं आहे. कागदी पॅकिंग असेल तर कोरडं चालतं, फार तर जागेवर धरून राहावं म्हणून अगदी पातळ हात. पत्र्यावर रबराची कड असलेलं पॅकिंग किंवा ओ-रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नाही, रिंगला फक्त कूलंटचा ओला हात लावायचा. कंपनीनेच पॅकिंग न देता सिलिकॉनवर बसवलेला पंप असेल तर बारीक सलग रेघ, प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ दिल्याशिवाय पाणी भरायचं नाही. जास्त लावलेलं सिलिकॉन आत पिळून निघतं, तुटतं आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी जाऊन अडकतं.
अजून एक, काही बोल्ट थेट पाण्याच्या जागेत उघडतात. काढताना ज्या बोल्टमागे पाणी आलं त्याच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावावंच लागतं. टॉर्क मॅन्युअलमधलाच घे, मिळालाच नाही तर एवढं लक्षात ठेव की आठ मिलीमीटर आट्याचे बोल्ट साधारण २० ते २५ न्यूटन मीटरच्या घरात असतात, हातभर लांब पान्यावर जोर काढायचं काम नाही. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, आधी अर्धे आणि मग पूर्ण.

डिझेलगडी:
खूप आभार सगळ्यांचे. फॅन हलवून बघितला, किंचित खेळ आहे, गाडी जागेवरच ठेवलीय. खालचा एक बोल्ट पार गंजलाय, डोकं अर्धं खाल्लेलं दिसतंय, तो तुटायची भीती वाटते. आणि पंप बसवल्यावर आधी काही दिवस नुसतं पाणी भरून चालवू का? गळत नाही हे कळलं की मग कूलंट टाकतो, उगाच वाया जायला नको.

लांबपल्ला:
गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव, सकाळी परत मार. सहा बाजूंचं सॉकेट वापर, बारा बाजूंचं सरकतं. सोडवायच्या आधी डोक्यावर दोन ठोके दे आणि पहिली हालचाल आवळायच्या दिशेने केसभर, मग सोडवायच्या दिशेने, असं पुढेमागे करत आण. सरळ ओढत सुटलास तर तुटेल.

जुनं_इंजिन:
नुसतं पाणी नको रे बाबा. गळती बघायला धुण्यापुरतं पाणी भरून थोडा वेळ चालवलं आणि काढून टाकलं तर ठीक, पण त्यावर गाडी कामाला लावायची नाही. ट्रकच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, बाहेरून थेट पाण्यात असतात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर सतत थरथरतो, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याला लोखंडाचा कण जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की लायनरला आरपार भोकं पडतात आणि पाणी सिलेंडरमधे आणि तिथून ऑइलमधे. हेवी डिझेलच्या कूलंटमधे जे ॲडिटिव्ह असतं ते लायनरवर थर धरतं म्हणून तो वाचतो. त्यामुळे कूलंट घेताना हेवी डिझेलचं आणि मॅन्युअलमधल्या प्रकाराचं घे, रंगावरून घेऊ नको, रंग प्रत्येक कंपनी आपापला देते. तयार नसेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं निम्मं.
भरताना घाई नको. हीटर असेल तर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा, आणि बारीक धारेने भर. मग इंजिन आयडलवर ठेव, थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाईप गरम लागतो आणि लेव्हल खाली जाते. काट्यावर विसंबू नको, सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असली तर काटा खालीच राहतो आणि हेड तापत असतं. रात्रभर थंड होऊ दे आणि सकाळी लेव्हल परत बघ, बहुतेक वेळा थोडी भर लागतेच. जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नको, चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री मांजरं पितात आणि मरतात.

डिझेलगडी:
कळलं, पाण्याचा विचार रद्द. पंपाबरोबर बेल्ट, थर्मोस्टॅट आणि खालचा पाईप मागवतोय. थर्मोस्टॅटला बाजू असते का?

पाना_तेरा:
असते. स्प्रिंगची, म्हणजे मेणाच्या डबीची बाजू इंजिनाकडे. काठावर छोटी हलणारी पिन असेल तर ती सगळ्यात वर, तिथून अडकलेली हवा निघते. आणि नवीन बेल्ट थोडा चालला की ताण परत तपास, नवीन पट्टा सुरुवातीला सैल पडतो. नव्या पंपाच्या त्या भोकाशी पहिल्या काही तासांत किंचित ओल दिसली तर लगेच उतरवू नकोस, सील बसेपर्यंत तेवढं होतं, थेंब धरायला लागला तर मात्र पंप परत कर.