स्टोअरच्या पानावरील मुख्य चित्र : चौघे सोबती दाखवावेत की एकच?

दिवटी :
नमस्कार. आम्ही दोघे मिळून गेली साडेतीन वर्षे एक टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली करण्याचा) रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा गेम, घडवत आहोत. गेम पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांच्या चित्रशैलीत आहे. राज्यातले दीपस्तंभ एकेक करून विझत चालले आहेत आणि चार सोबती एकच कंदील घेऊन शेवटच्या दीपस्तंभाकडे निघाले आहेत, असे कथानक आहे. लढाईत प्रत्येक चालीला कंदिलातले तेल खर्च होते. तेल संपले की शत्रू दिसेनासे होतात, पण ते तिथेच असतात आणि घाव घालत राहतात.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवर पान उघडून तीन महिने झाले. आमचे चित्र अनेकांच्या नजरेसमोरून जाते, हे भेटींच्या तक्त्यावरून कळते, परंतु त्यावर क्लिक करणारे फार थोडे आहेत. चित्रात चौघे सोबती, मागे किल्ला, आकाशात समुद्रसर्प, चंद्र आणि खाली नाजूक वळणदार अक्षरांत नाव आहे. ज्यांनी गेम खेळून पाहिला त्यांना हे चित्र मनापासून आवडते, म्हणूनच मला कोडे पडले आहे. चौघांना काढून एकच व्यक्ती ठेवावी का? गेम पिक्सेलमध्ये असताना रंगवलेले चित्र लावणे ही फसवणूक ठरते का? आणि एका स्पर्धेत आमची निवड झाली होती, तो शिक्का चित्रावर लावता येईल का?

रेघ :
मी अशी चित्रे काढण्याचेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या कोड्याचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. चित्र आवडते ते खेळून झालेल्यांना. त्यांना ते चौघे ठाऊक आहेत, म्हणून प्रत्येक चेहऱ्यामागची गोष्ट त्यांना आठवते. अनोळखी माणसाला मात्र चार लहान आकृत्या आणि एक किल्ला दिसतो, आणि तेवढे तर या प्रकारच्या असंख्य गेमच्या चित्रांत असते.

आधी मापांचा विचार करा. स्टोअरमध्ये गेमची ओळख म्हणून दिसणाऱ्या, नाव असलेल्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. लहान कॅप्सूल आपण ४६२ × १७४ पिक्सेलचे चढवतो, पण याद्यांमध्ये ते आक्रसून १८४ × ६९ आणि काही ठिकाणी १२० × ४५ इतके होते. त्यातली अर्धी रुंदी नावाने घेतली तर चौघांसाठी ६० पिक्सेल उरतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पंधरा. पंधरा पिक्सेलमध्ये चेहऱ्यावरचा भाव राहत नाही. किंबहुना लहान कॅप्सूलमध्ये चित्राचा मोह सोडून नावच जवळजवळ कडेपर्यंत भरावे असे माझे ठाम मत आहे. तुमची नाजूक अक्षरे तिथे वाचता येणार नाहीत. ती जाड करून, खालची वळणे कमी करून पुन्हा काढून घ्या.

मोठ्या कॅप्सूलमध्ये काय असावे, हे तुमच्या लढाईच्या नियमानेच ठरवले आहे. कंदील. तेल संपले की शत्रू दिसत नाहीत, ही तुमच्या गेमची खरी ओळख आहे आणि सध्याच्या चित्रात ती कुठेही नाही. एका सोबत्याचा खालून उजळलेला चेहरा, हातातली ज्योत मंदावलेली, आणि उरलेल्या अर्ध्या भागातल्या काळोखात एखाद्या नखाची किंवा खवल्याची कड तेवढी चकाकणारी, असे चित्र कल्पून पाहा. उजेड आणि अंधार यांतला फरक इतका ठळक असला की ते बोटाच्या नखाएवढे झाले तरी कळते. चित्र कृष्णधवल करून आणि आक्रसून पाहिले की ही परीक्षा लगेच होते. ती मी रंग भरण्याच्या आधी, कच्च्या रेखाटनावरच घेते, कारण रंग भरल्यावर चित्राशी जीव जडतो आणि बदल करवत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रकाराशी काम ठरवतानाच बोलून घ्या. हेडर (पानाच्या माथ्यावरचे चित्र) ९२० × ४३०, मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६, उभे कॅप्सूल ७४८ × ८९६ आणि लायब्ररीतले, म्हणजे खेळाडूने घेतलेल्या गेमच्या संग्रहातले, उभे चित्र ६०० × ९०० असते. आडवे चित्र कापून उभे केले की एकतर हात तुटतो नाहीतर कंदील. म्हणून व्यक्ती, ज्योतीचा उजेड, पार्श्वभूमी आणि नाव हे सारे वेगवेगळ्या लेअरमध्ये (एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांत) असू द्या आणि पार्श्वभूमी चौकटीबाहेर भरपूर रंगवलेली असू द्या, म्हणजे प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करता येते. लायब्ररीच्या ३८४० × १२४० च्या रुंद चित्रावर नाव लिहायचे नसते. ते पारदर्शक फाइल म्हणून वेगळे द्यावे लागते.

तळघर :
शिक्क्याबद्दल सांगतो. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचे नाव, अधिकृत उपशीर्षक आणि चित्र एवढेच चालते. पुरस्काराची चिन्हे, समीक्षेतील गुण किंवा वाक्ये, सवलतीचा मजकूर यांना तिथे मनाई आहे. तुमची निवड पानाच्या आत सांगा.

रंगवलेल्या चित्राबाबत माझा अनुभव सांगतो. मी स्वतः पिक्सेल गेमला अतिशय वास्तववादी चित्र लावले होते. लोक पानावर आले आणि पहिला स्क्रीनशॉट पाहून निघून गेले, कारण बाहेर एक दिसले आणि आत दुसरेच निघाले. रंगवलेले चित्र वापरू नये असे मी म्हणत नाही, पण गेममधलाच रंगसंच घ्या आणि पात्राची ओळख, म्हणजे तुमच्या छोट्या आकृतीला लाल पदर असेल तर चित्रातही तोच लाल पदर, तशीच ठेवा. कॅप्सूलवरून स्क्रीनशॉटवर नजर गेली तर एकाच जगात आल्यासारखे वाटले पाहिजे.

म्हणूनच स्क्रीनशॉटलाही कलाकामाचा भाग समजा. किमान पाच लागतात, १९२० × १०८० मापाचे, आणि ते प्रत्यक्ष खेळातलेच असावे लागतात. अनेकजण मेनू आणि आकडे लपवून सुंदर देखावे लावतात. रोल-प्लेइंग गेमच्या बाबतीत ही मोठी चूक आहे, कारण या प्रकारचा खेळाडू आधी लढाईचा मेनू, शस्त्रांची निवड, कौशल्यांचा वृक्ष आणि संवादातले पर्याय शोधतो. आपल्याला विचार करायला किती वाव आहे, हे तो त्यावरून जोखतो. पहिला स्क्रीनशॉट लढाईचा द्या, ज्यात तेल अगदी तळाला गेले आहे आणि मेनूमध्ये निवड करायची आहे. दुसऱ्यात तीच जागा तेल संपल्यानंतरची दाखवता आली तर तुमचा नियम एका शब्दाविना समजेल. कॅप्सूलवर माउस नेला की जे स्क्रीनशॉट आळीपाळीने दिसतात, ते सर्व वयांसाठी योग्य म्हणून खूण केलेल्यांमधून येतात. ती खूण करायला विसरू नका.

दिवटी :
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जुने चित्र १२० पिक्सेलवर आणून पाहिले आणि समुद्रसर्प मला स्वतःलाच ओळखता आला नाही. कंदिलाची तीन कच्ची रेखाटने केली आहेत. चौघांना सोडताना वाईट वाटते, कारण त्यांची मैत्री हाच कथेचा गाभा आहे. त्यांना लायब्ररीच्या रुंद चित्रात, गेम घेतलेल्यांसाठी, ठेवायचे ठरवले आहे. एक अडचण उरली आहे. अर्धे चित्र काळे ठेवले की पानावर ते अपुरे, कापल्यासारखे दिसते.

रेघ :
चौघांसाठी तीच जागा योग्य आहे, कारण तिथे पाहणाऱ्याला त्यांची नावे माहीत होत जातील. काळ्या भागाची अडचण स्टोअरच्या रंगामुळे येते. त्या पानाची पार्श्वभूमी मुळातच गडद निळी आहे, त्यामुळे काळी कड तिच्यात विरघळते आणि चौकट नाहीशी होते. काळोख शुद्ध काळा ठेवू नका. त्यात गडद तपकिरी किंवा जांभळा रंग मिसळा आणि ज्योतीचा उबदार उजेड दूरच्या कडेपर्यंत अगदी पुसट का होईना, पण पोहोचू द्या. रेखाटने पांढऱ्या पटलावर तपासू नका. स्टोअरच्या यादीचे चित्र घेऊन त्यात इतर कॅप्सूलच्या मधोमध तुमचे ठेवून पाहा. तिन्ही इथे टाकलीत तर मी प्रत्येकावर खुणा करून देईन.