व्ही-क्रॉसला मोठे टायर: 16 इंची डिस्कवरच (चाकाच्या रिमवर) भागवू की 17ची अलॉय घेऊ?

काजूवाला_चंदगड
राम राम मंडळी. गाडी 2017ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, फोर बाय फोर. कंपनीचे 245/70 आर16 टायर गुळगुळीत झालेत, पावसाआधी बदलायचेच आहेत. वापर म्हणाल तर बागेतली लाल मातीची वाट, आणि मागं पोती भरून तिलारी घाट उतरून दोडामार्ग. बेळगावातला एक दुकानदार म्हणतो, 17ची अलॉय टाका, त्यावर 285/70 आणि गाडी उचलायला दोन इंचाची लिफ्ट किट. गाडी वाघासारखी दिसंल. दिसंल हो, पण घाटात कशी चालंल? पोरगा दुकानदाराच्या बाजूचा आहे. मी अजून कुणाच्याच नाही.

डांबर_नको
285च घाला काका! पोराचं ऐका. गाडी एकदाच घेतो माणूस.

टायरखातं_एसटी
काका, पोराला शेजारी बसवून हे वाचा. एसटीच्या टायर विभागात सगळी नोकरी केली मी, त्यामुळं दिसण्याचं मला कळत नाही, मापाचं कळतं.

245/70 आर16 म्हणजे रुंदी 245 मिमी, कडेची उंची रुंदीच्या 70 टक्के, डिस्क 16 इंची. तुमच्या या टायरचा व्यास साधारण 749 मिमी. 285/70 आर17चा 831. म्हणजे 11 टक्के जास्त. याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. भरल्या गाडीनं तिलारी चढताना जिथं दुसऱ्यावर निघत होता तिथं पहिला टाकावा लागेल, क्लच जळेल तो वेगळा. आणि उतरताना? इंजिनाचा ब्रेक तेवढाच ढिला पडतो, पायाखालचा ब्रेकही त्याच मापाचा राहून मोठं चाक थांबवत बसतो. तो घाट किती उभा आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

उंचीचंही लोक चुकीचं धरतात. व्यास 82 मिमीनं वाढला, तर गाडी उचलते 41च. बाकीचं अर्ध चाकाच्या वरच्या अंगाला जातं आणि तेच मडगार्डाला घासतं.

माझं मत: डिस्क आहे तीच ठेवा, 265/70 आर16 एटी (डांबर-माती दोन्हीचा) घ्या. व्यास 777, वाढ पावणेचार टक्के. मीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 83ला असेल. ॲव्हरेज काढताना ध्यानात ठेवा, किलोमीटर कमी मोजले जातात, मग उगाच डिझेल जास्त खातेय असं वाटतं. (थोडं खाईलच, टायर जड असतो.) आधी एकच टायर पुढं चढवा, स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण मोडून बघा, आतल्या प्लास्टिकला लागतोय का. रिकाम्या गाडीवर नको, पोती भरून बघा, पाटे दबले की खरं कळतं.

तुमच्या वाटेला मात्र मी 245/75 आर16 आधी शोधेन. उंची जवळपास तेवढीच, रुंदी आहे तीच. लाल चिखलात अरुंद टायर खाली कडक थरापर्यंत कापत जातो, रुंद वर तरंगतो नि घसरतो. तरंगणं वाळूत चांगलं.

आणि टायरच्या कडेचा लोड इंडेक्स वाचा. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो. पोती वाहणाऱ्यानं जुन्यापेक्षा कमी आकडा अजिबात घेऊ नये, दुकानदार कितीही स्वस्त देवो.

कागदपत्र_सांगली
एक भर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सुप्रीम कोर्टानंही याच बाजूनं निकाल दिला. लिफ्ट किट आणि बाहेर आलेली चाकं बघितली की क्लेमच्या वेळी सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच असतो. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

डांबर_नको
तुम्ही सगळ्यांनी मिळून वाघाची मांजर केली राव.

काजूवाला_चंदगड
मांजर तर मांजर, घाट उतरून घरी आली पाहिजे. 245/75ची चौकशी करतो, नाही मिळाला तर 265. चारच घेऊन स्टेपनी जुनी ठेवली तर चालंल का?

टायरखातं_एसटी
नाही. पाचही एकाच मापाचे. पंक्चर झाल्यावर बारकी स्टेपनी लावून फोर बाय फोर टाकलं, की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) पिळते. तिच्या दुरुस्तीच्या पैशात टायरचे असले दोन सेट येतील. आणि नवा टायर मागं ट्रॉलीखालच्या जागेत बसतो का, ते दुकानातनं निघण्याआधीच बघा. स्टेपनीचा साखळदंड पूर्ण वर ओढून.