भूमिगत पत्रके इतिहासाचा पुरावा म्हणून कशी वाचावीत?

इतिहास-विद्यार्थिनी (महाल, नागपूर) :

नमस्कार. मी नागपुरात इतिहास विषयात एम.ए. करते आहे आणि १९४२ च्या आंदोलनातील भूमिगत पत्रके व बुलेटिने हा विषय लघुप्रबंधासाठी घेतला आहे. मार्गदर्शक सरांचा आक्षेप असा की, ज्या कागदावर लेखकाचे नाव नाही, छापखान्याचा पत्ता नाही, बहुतेक वेळा तारीखही नाही आणि ज्याचा हेतू उघडपणे प्रचाराचा आहे, त्या कागदावर निष्कर्ष उभारता येत नाहीत. त्यापेक्षा त्या काळची वृत्तपत्रे आणि सरकारी अहवाल हाताशी धरावेत. हे मला मनापासून पटत नाही, परंतु सरांसमोर मांडता येईल असा युक्तिवादही अजून जमलेला नाही.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. एक माणूस पकडला गेला तर त्याच्या ओळखीच्या अनेक घरांवर धाडी पडत, अशा परिस्थितीत कागद, शाई, यंत्र आणि वाटप करणारी माणसे एवढा पसारा मागणारा उद्योग भूमिगतांनी का पत्करला असेल? तोंडी निरोप होते, प्रभातफेऱ्या होत्या, मुंबईत तर काही आठवडे गुप्त रेडिओसुद्धा चालला. मग कागदाचाच एवढा अट्टाहास कशासाठी?

शेवटच्या प्रकरणात इतर देशांतील आणि स्वातंत्र्योत्तर काळातील भूमिगत प्रकाशनांशी थोडी तुलना करण्याचा विचार आहे. त्यात नक्षलवादी चळवळीची जुनी नियतकालिके येतील. ती जवळ बाळगण्यात कायद्याची काही अडचण आहे का, हेही कोणी जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

धंतोलीकर :

सरांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यांनी सुचवलेला पर्याय या विषयापुरता लंगडा पडतो. ऑगस्ट १९४२ नंतर उघड वृत्तपत्रांना काय छापता येत होते, हे आधी पाहावे. ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ठराव झाला, ९ च्या पहाटे नेते पकडले गेले आणि लगोलग आंदोलनाच्या बातम्यांवर कडक बंधने आली. आपल्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. १६ ऑगस्टला चिमूरमध्ये गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर गावात शिरलेल्या लष्कर व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले, तर त्या उपोषणाच्या बातम्या छापण्यावरही बंदी घालण्यात आली. जानेवारी १९४३ मध्ये या बंदीच्या निषेधार्थ अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. तेव्हा त्या महिन्यांतले नागपूरचे एखादे पत्र चिमूरबद्दल गप्प असेल, तर त्या गप्प राहण्यातून आपल्याला बंदीची कडी किती आवळलेली होती एवढेच कळते. चिमूरमध्ये काय घडले ते कळत नाही. सरकारी अहवालांचे म्हणाल, तर ते आरोपीनेच लिहिलेले जबाब आहेत. ते वापरावेत, पण पत्रकाला जी कसोटी लावता तीच त्यांनाही लावावी.

आता कागदाच्या अट्टाहासाविषयी. एका पत्रकामागे कागद मिळवणारा, मजकूर लिहिणारा, स्टेन्सिल (प्रती काढण्याचा मेणकागद) कापणारा, गठ्ठा ठेवायला माजघरातली जागा देणारी बाई, रेल्वेच्या डब्यातून तो पुढच्या गावी नेणारा मुलगा आणि तिथे तो घेणारा मास्तर अशी माणसांची साखळी असते, आणि या साखळीतल्या प्रत्येकाला आपल्या मागचा एक व पुढचा एक एवढेच ठाऊक असते. नेते तुरुंगात असताना संघटना जिवंत आहे की नाही, हे सामान्य कार्यकर्त्याने ओळखावे कसे? पुढचे पत्रक ठरलेल्या सुमारास हातात पडले, तर ती जिवंत आहे. तोंडी निरोप एका कानातून दुसऱ्या कानात जाताना बदलतो आणि रेडिओ ऐकणाऱ्याकडून काहीही करवून घेत नाही. पत्रक मात्र पुढे पोहोचवावे लागते, आणि ते पोहोचवणारा त्या क्षणापासून चळवळीत सामील झालेला असतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, भूमिगत पत्रकाचे पहिले उत्पादन म्हणजे संघटना, आणि बातमी त्यानंतर येते.

हा विचार जुना आहे. वृत्तपत्र हे सामूहिक संघटक असते, अशी मांडणी लेनिनने १९०१ मध्येच केली होती. त्याच्या सहकाऱ्यांचे ‘इस्क्रा’ डिसेंबर १९०० पासून जर्मनीत निघू लागले आणि सीमेपलीकडून चोरून रशियात जात असे. जॉर्जियात तिफ्लीसच्या अवलाबार भागात १९०३ ते १९०६ या काळात एका साध्या घराच्या खाली अख्खा छापखाना चालत होता आणि त्यात उतरण्याची वाट विहिरीतून होती.

आपल्याला ‘गदर’ अधिक जवळचा. परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचे ते पत्र, आणि त्या पक्षाच्या उभारणीत असलेले पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, आणि त्यांचे निधन १९६७ मध्ये नागपुरातच झाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’चा पहिला उर्दू अंक निघाला, काही आठवड्यांतच गुरुमुखी आवृत्ती सुरू झाली, आणि कर्तारसिंग सराभासारखी कोवळी मुले हाताने यंत्र फिरवून ते अंक छापत होती. अमेरिका, कॅनडा, हाँगकाँग, शांघाय, फिलिपाइन्स अशा ठिकाणी जिथे जिथे पंजाबी मजूर व शिपाई होते, तिथे तो टपालाने जात असे, आणि पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर बंडासाठी मायदेशी निघालेली माणसे याच वस्त्यांतून आली. त्या अंकांत काय लिहिले होते हे महत्त्वाचे आहेच, परंतु ते कोणत्या पत्त्यावर जात होते, हा प्रश्न इतिहासकाराला जास्त देऊन जातो.

एक सावधगिरी मात्र सतत बाळगा. हे कागद आज आपल्याला दिसतात, ते मुख्यतः जप्त करणाऱ्यांच्या कृपेने. कार्यकर्ते वाचून झाले की पत्रक चुलीत घालत, पोलीस एक प्रत फायलीला लावत. ‘गदर’चे अंकही ब्रिटिश गुप्तचरांनी टपालात अडवून त्यांची इंग्रजी भाषांतरे करून ठेवली. राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जप्त साहित्याचे मोठे संग्रह आहेत ते त्यामुळेच. याचा अर्थ असा की, जी साखळी कधीच पकडली गेली नाही तिचे कागद फायलीत जवळजवळ नसणारच. अमुक तालुक्यातली पत्रके सापडत नाहीत म्हणून तिथे चळवळ नव्हती, असे वाक्य तुमच्या प्रबंधात कुठेही येऊ देऊ नका.

जुना जुळारी (इतवारी) :

ताई, मी हयातभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवले. मजकुराचे विद्वान लोक सांगतील, मी कागदाचे सांगतो.

शक्य असेल तेव्हा मूळ प्रत पाहायला मागा, छायाप्रतीवर भागवू नका. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरा. खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांचा दाब मागच्या बाजूला उमटलेला दिसतो. सायक्लोस्टाइलला, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई पाझरवून काढलेल्या प्रतीला, असा दाब नसतो, पण त्याची शाई तेलकट असल्यामुळे जुन्या कागदावर अक्षरांभोवती पिवळसर कड धरलेली असते. अक्षरे जांभळी आणि विटलेली असतील, तर ती जिलेटिनच्या थरावरून उतरवलेली प्रत समजा. त्या पद्धतीत चाळीस-पन्नास प्रतींनंतर अक्षर वाचवत नाही, उलट नीट कापलेली स्टेन्सिल काही शे प्रती सहज देते. म्हणजे घराघरांत आमचे पत्रक पोहोचले, असा दावा जांभळ्या कागदावर केलेला असेल, तर तो दावा त्या कागदावरच तपासता येतो.

मराठी टंकलेखन यंत्रे तेव्हा गावोगाव नव्हती. त्यामुळे पुष्कळ मराठी पत्रके मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीने हाताने कोरलेली असत. त्यातली शिरोरेघ निरखून पाहा. सलग लांब रेघ ओढली तर मेणकागद तिथेच फाटतो, म्हणून सराईत माणूस शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी ओढतो किंवा सोडूनच देतो. पहिल्या पत्रकात सलग शिरोरेघ ओढून रोलरखाली मेणकागद फाडणारा हात काही काळाने तुकड्यांनी लिहू लागला, हे तुम्हाला ओळीने लावलेल्या प्रतींत दिसू शकेल, आणि दोन निनावी पत्रके एकाच हाताची आहेत हे तर नक्कीच दिसेल. स्वतःचे वळण कोणालाही फार वेळ लपवता येत नाही.

खिळ्यांवर छापलेल्या पत्रकाची गोष्ट वेगळी, कारण त्यात छापखान्याच्या मालकाचे घरदार पणाला लागलेले असे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे होते. १९१० च्या कायद्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत घेता येत असे, आणि ती जप्त झाल्यावर पुन्हा छापखाना सुरू करायचा तर १,००० ते १०,००० रुपये भरावे लागत. तो कायदा १९२२ मध्ये गेला, पण १९३१ मध्ये तसलाच दुसरा आला. अशा काळात निनावी कागद छापून देणाऱ्या माणसाची छाती केवढी असेल, याचा तुमच्या प्रबंधात उल्लेख यावा असे मला फार वाटते, कारण चळवळीच्या इतिहासात मालक आणि जुळारी यांची नावे सहसा येत नाहीत.

नाव गाळले तरी खिळा बोलतो. तुटकी वेलांटी, झिजलेला क्ष, किंचित वर चढलेला अनुस्वार या खोडी एका छापखान्याच्या केसमध्ये (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत) वर्षानुवर्षे राहतात, कारण काम झाले की मजकूर मोडून तेच खिळे आपापल्या खणात परत जातात आणि दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेत बसतात. त्या वर्षांतली नागपूरची मुद्रकाचे नाव असलेली पुस्तके, हँडबिले, नाटकाच्या जाहिराती गोळा करा आणि भिंगाखाली पत्रकाशेजारी ठेवा. काम चिकाटीचे आहे, पण तोच मोडका खिळा दोन्हीकडे सापडला, तर सरांना दाखवायला यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

अभ्यासक (वर्धा रोड) :

जुळारी काकांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. धंतोलीकरांच्या मांडणीतला एक भाग मात्र मला मान्य नाही. संघटना हेच पहिले उत्पादन, असे म्हटले की मजकूर दुय्यम ठरतो, आणि मग म्युनिकच्या ‘व्हाइट रोज’ गटाचे काय करायचे? १९४२-४३ मध्ये मूठभर विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या एका प्राध्यापकाने हिटलरविरुद्ध सहा पत्रके काढली. त्यांच्यामागे पक्ष नव्हता आणि म्हणण्यासारखी साखळीही नव्हती. पत्रके बरीचशी टपालाने अनोळखी लोकांना पाठवलेली होती. हान्स आणि सोफी शोल यांना १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पकडले आणि २२ तारखेला मृत्युदंड दिला. तरीही सहावे पत्रक देशाबाहेर गेले आणि त्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी ते जर्मनीवर टाकले. तिथे जे टिकले ते शब्दांमुळेच टिकले.

प्रचार या एका शब्दात सर्व भूमिगत मजकूर कोंबणेही बरोबर नाही. मॉस्कोत एप्रिल १९६८ मध्ये सुरू झालेली ‘चालू घडामोडींची बखर’ ही सोव्हिएत राजवटीच्या विरोधकांची भूमिगत पत्रिका टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून काढली जात असे, आणि मिळालेली प्रत वाचकाने पुन्हा टंकित करून पुढे द्यायची अशी रीत होती. तिच्यात विशेषणे जवळजवळ नसत. कोणाला कधी अटक झाली, कोणते कलम लावले, कोणत्या छावणीत पाठवले एवढेच असे, आणि आधीच्या अंकात चूक झालेली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापली जाई. तुमच्या पत्रकांना हीच कसोटी लावून पाहा. त्यांत कुठे मागच्या बातमीची दुरुस्ती आहे का? गावांची आणि माणसांची नावे आहेत की नुसतेच संतप्त जनता आणि जुलमी सरकार आहे? ज्या बुलेटिनात दुरुस्ती आढळेल त्याची विश्वासार्हता एकदम वरची समजावी. उलट जमावाचे आकडे आणि सरकार आता कोसळणारच अशी भाकिते ही लढणाऱ्यांचा धीर टिकवण्यासाठी असतात. ती त्या अर्थानेच वाचावीत.

जिल्हा न्यायालयातील एक वकील :

कायद्यापुरते थोडक्यात सांगतो. ‘लिबरेशन’ आणि बंगाली ‘देशब्रती’ ही नक्षलवादी चळवळीची दोन्ही नियतकालिके १९६७ मध्ये उघडपणे सुरू झाली होती आणि १९७० पासून भूमिगत झाली. आज एखादे प्रकाशन जप्त करायचे असेल तर राज्य सरकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली तशी अधिसूचना काढते. पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होती. म्हणून ज्या अंकाचा उपयोग करायचा आहे, त्याबद्दल अशी अधिसूचना आहे का, हे आधी पाहावे. साहित्य केवळ जवळ असण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या निकालात म्हटले आहे की, हिंसेला चिथावणी देणारे साहित्य असले तरी केवळ ते बाळगल्याने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या दहशतवादविषयक प्रकरणांतील गुन्हा होत नाही. तो निकाल जामिनाचा आहे आणि जामीन मिळेपर्यंत माणसाची काही वर्षे तुरुंगात गेली होती, हेही ध्यानात ठेवा. गडचिरोलीच्या इतक्या जवळ राहून हा विषय हाताळताना ग्रंथालयातल्या किंवा अभिलेखागारातल्या प्रतीच वापरा, विभागप्रमुखांचे पत्र जवळ ठेवा, आणि बंदी असलेल्या संघटनेचे आजचे साहित्य कोणाकडूनही थेट मागवू नका.

इतिहास-विद्यार्थिनी (महाल, नागपूर) :

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काका, खिळ्यांची तुलना मी नक्की करून पाहणार आहे. एकच शंका उरते. पत्रकावर तारीख नसेल तर तळटीपेत काय लिहावे?

धंतोलीकर :

अभ्यासकांचा मुद्दा रास्त आहे. मजकुराला दुय्यम लेखू नये, एवढे मी मान्य करतो. तरी १९४२ च्या बाबतीत साखळी आधी पाहावी, या मतावर मी ठाम आहे, कारण तिथे पक्ष होता, गावे होती आणि ती जोडलेली ठेवायची होती.

तारखेसाठी दोन टोके धरावीत. पत्रकात उल्लेख असलेली सर्वांत अलीकडची घटना हे आरंभाचे टोक, आणि पोलिसांनी ते जप्त केल्याची तारीख हे शेवटाचे. या दोहोंमधला काळ चौकटी कंसात द्यावा आणि तो कशावरून ठरवला ते एका वाक्यात लिहावे. त्यासाठी सुटे पत्रक न पाहता ज्या फायलीत ते लावले आहे ती संपूर्ण पाहावी लागेल, कारण जप्तीचे ठिकाण, ज्याच्याकडे ते सापडले त्याचा व्यवसाय आणि किती प्रती मिळाल्या, हे सारे शेजारच्या पानांवर असते, आणि साखळीचा मागही तिथेच लागतो. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होते, तेव्हा सुरुवात इथल्या पुराभिलेख कार्यालयापासून करा. अर्जात मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या १९४२ व १९४३ या दोन वर्षांच्या राजकीय विषयांवरील फायलींची सूची मागा, आणि ती हाती आल्यावर चिमूर व आष्टी (१९४२ च्या आंदोलनातले वर्धा जिल्ह्यातील गाव) या दोन नावांनी आधी शोधा.