जॅक केल्सीला विसरू नका

१९५८च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या वेल्स संघाचं सगळं श्रेय त्यांचा स्टार खेळाडू जॉन चार्ल्सला दिलं गेलंय, ते मला पटत नाही. ब्राझीलविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात चार्ल्स दुखापतीमुळे खेळलाच नव्हता! त्या दिवशी गोथेनबर्गला किल्ला लढवला तो गोलकीपर जॅक केल्सीने. ६६व्या मिनिटापर्यंत त्याने ब्राझीलला रोखून धरलं. मग १७ वर्षांच्या पेलेचा फटका वेल्सचा बचावपटू स्टुअर्ट विल्यम्सच्या पायाला किंचित लागून आत गेला. पेलेचा वर्ल्ड कपमधला तो पहिला गोल. पाच सामन्यांत केल्सीने फक्त चार गोल खाल्ले, त्यातही यजमान स्वीडनला एकही करू दिला नाही.

स्वान्सीजवळच्या लान्सॅम्लेटचा हा मुलगा १९४९ला लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये आला. १९५१च्या पदार्पणात पाच गोल बसले, तरी १९५२-५३च्या इंग्लिश लीग विजेत्या संघात तो होता. चेंडू हातातून निसटू नये म्हणून च्युइंगगम चघळून तळव्यांना चोळायचा. हातमोजे सर्रास नव्हते तेव्हाची ही युक्ती मला फार आवडते.

१९६२ला पुन्हा ब्राझीलच आडवं आलं. त्यांचा आघाडीपटू वावाशी टक्कर होऊन केल्सीची पाठ कायमची दुखावली आणि ४१ आंतरराष्ट्रीय सामन्यांवर कारकीर्द थांबली. पुढे कित्येक वर्षं त्याने आर्सेनलचं दुकान सांभाळलं.